कुलवृत्तांतातले पणजोबा आपलेच का?

प्रश्न : आमच्या कुलमंडळाच्या संकेतस्थळावर पणजोबांचे नाव सापडले. पण त्या नावाचे दोघे आहेत आणि गावही एकच. आमचे कोणते, हे कसे ओळखावे?

उत्तर : नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत असल्याने एकाच घराण्यात तीच नावे पुन्हापुन्हा येतात. नुसते नाव जुळले म्हणून वंशावळ जोडू नका. वडील, भाऊ, पत्नी यांचीही नावे जुळू द्या. संकेतस्थळावरची माहिती बहुधा छापील कुलवृत्तांतातून आलेली असते आणि तो घरोघरच्या आठवणींवर उभा असतो. ती दिशा समजा, पुरावा नव्हे.

पुराव्यासाठी तहसील कचेरी गाठा. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात, जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. वारसांची नावे जुन्या फेरफारांत मिळतात. बरेच कागद मोडीत असतात, ते जाणकाराकडूनच वाचून घ्या. शक दिला असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना बहुधा ७९. घरातले कोणी त्र्यंबकेश्वरी गेले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पूर्वजांची नावे सापडू शकतात. जाताना मूळ गाव आणि आडनाव नीट ठाऊक हवे.

आणि पणजीचे माहेर आवर्जून शोधा. जुन्या कुलवृत्तांतांत लेकीसुनांच्या नोंदी फार त्रोटक असतात, ही मला मोठी उणीव वाटते. माहेरच्या घराण्याचे कुलमंडळ असेल तर त्यांनाही लिहा. दोघांपैकी एक दत्तक गेलेला नाही ना, हेही पाहा. असा मुलगा दुसऱ्याच शाखेत नोंदलेला असतो.