ठेकेदार रानात शिरण्याआधी

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं रान जेमतेम दोन एकरांचं. ऐन, किंजळ, जांभूळ आणि खाली पऱ्याच्या काठाला रातांबे. शेजाऱ्याने आपली झाडं तोडायला दिली, तो त्याचा हक्क. पण ठेकेदाराची माणसं गडगा ओलांडून आली आणि आमचे जुने ऐन आडवे करून गेली. मी ठेकेदाराला आधीच फोनवर बजावलं होतं. "हद्दीचं मी बघतो, भाऊ, तुम्ही निर्धास्त राहा," हे त्याचे शब्द.

शिमग्याला गावी गेलो तर रस्त्याकडेला लाकडाची थप्पी, आणि त्यातल्या एका ओंडक्यावर निळा रंग. हद्दीवरच्या झाडांना आम्ही छातीच्या उंचीवर ऑइलपेंटचा पट्टा मारतो. कोणीतरी कोयत्याने साल खरवडली होती, पण ऐनाच्या सालीला खोल भेगा असतात. भेगांतला रंग तसाच होता. वर रानात जायची गरजच उरली नाही.

ठेकेदाराला ओंडका दाखवला, तर म्हणतो, "जंगलात काय रेघा मारलेल्या असतात? आणि झाडं परत फुटतातच की." वर जळाऊ लाकडाच्या भावाने पैसे पुढे केले. आजोबांनी राखलेले ऐन, आणि भाव जळाऊचा! मी ते घेतले नाहीत. तिथल्या तिथे वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज देऊन पोच घेतली, म्हणून थप्पी अडली आणि पंचनामा झाला. गावातले "कशाला वाकड्यात शिरतोस" म्हणणारे तेव्हा गप्प झाले.

तुमचं असं रान असेल तर हद्द कायम मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो, वेळ लागतो, पण तो नकाशा हातात असला की समोरच्याची भाषा बदलते. सातबारावर सामाईक नावं असतील तर सगळ्यांनी एकमेकांशी बोलत राहावं. तोड खाजगी जमिनीत असली तरी ऐन, किंजळ, खैर, जांभूळ या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. ठेकेदाराकडे तिची प्रत मागा आणि गट नंबर स्वतः वाचा. तक्रार करायची ती माल थप्पीत असतानाच. ट्रक गेला की पुराव्याला नुसते बुंधे उरतात.

आणि ते बुंधे जाळू देऊ नका. ऐन-किंजळाला पावसात फुटवे येतात, त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढा. गवत वाळलं की वणव्याआधी जाळरेषा काढा, नाहीतर कोवळे फुटवे आधी जातील. "परत फुटतातच की" म्हणणारा हे करायला येत नाही. फुटव्याचा जुना ऐन व्हायला माझं उरलेलं आयुष्य पुरणार नाही.

शेजारचं रान तुटणार असं कानावर आलं, तर फोनवर विसंबू नका. त्याच रात्रीची गाडी पकडा आणि पहिली करवत चालेल तेव्हा गडग्यावर उभे राहा.