मी राज्य घेतो

आमच्या सोसायटीत लपाछपीवरून भांडण पेटलं. मुलांनी आपापसांत शर्ट बदलले, राज्य असलेल्याने चुकीचं नाव पुकारलं, अंडं फुटलं आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. असं बऱ्याचदा झाल्यावर तो रडत घरी गेला. लगेच त्याच्या आईचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर. मग कुणाच्या वडिलांचं उत्तर, मग 'संस्कार', मग पार्किंगचं जुनं प्रकरणही उकरलं गेलं. मुलं दुसऱ्याच दिवशी बोलायला लागली. आईबापांची बोलाचाल अजून बंद आहे. माझी मुलगी त्या डावात नव्हतीच, तरी तिच्या मैत्रिणी तुटल्या. त्यांना आमच्या विंगमध्ये यायला बंदी झाली.

म्हणून सांगते, मूल रडत आलं की आधी पाणी द्या आणि फोन लांब ठेवा. 'कोणी केलं?' विचारलं की मूल आरोपी आणून देतं. 'मग तू काय म्हणालास?' विचारलं की खेळात काय बिनसलं ते कळतं. पुष्कळदा तक्रार नियमाची असते, आणि नियम मुलं स्वतः बदलतात: कपडे बदलायचे नाहीत, किंवा तीनदा राज्य आलं की पुन्हा चकायचं. धाकट्यांना लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायची सोय काही कुठल्या कमिटीने काढलेली नाही.

बुजऱ्या मुलाचं दुखणं वेगळं. आपण खाली जाऊन 'याला पण घ्या रे' म्हटलं की घेतात, आणि आपली पाठ वळली की विसरतात. 'मला घेता का?' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर तयारच असतं. त्यापेक्षा त्याला शिकवा: थोडा वेळ बघ, कोणता खेळ चाललाय ते समजून घे, आणि डाव संपला की म्हण, 'मी राज्य घेतो.' राज्य कुणालाच नको असतं, त्यामुळे घेणाऱ्याला सहसा कुणी हाकलत नाही. (रोज मात्र नको, नाहीतर ते कायमचं गळ्यात पडतं.) माझ्या मुलीला नव्या मैत्रिणी अशाच मिळाल्या.

मोठ्यांनी कधीच मध्ये पडू नये, असं नाही. रोज त्याच एकाला वगळतात, पैसे किंवा खाऊ मागतात, मारतात, 'घरी सांगू नकोस' असं बजावतात, तर ते भांडण नव्हे, छळ आहे. तिथे थांबू नका. वर्गशिक्षिकांना भेटा किंवा छळणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन समोर बसून बोला. जाताना मुलाला बरोबर नेऊ नका. त्याच्यादेखत दोन घरं भांडली, तर पुढच्या वेळी ते तुम्हाला काही सांगणारच नाही.