तोंड उघडण्याआधी आकडा बघा

‘मॅनईटर’ खेळायला बसलं की पहिला भ्रम हा होतो की आपण शार्क, म्हणजे समोर येईल ते आपलं खाणं. ट्रिपवायर इंटरॅक्टिव्हचा २०२० सालचा हा गेम तो भ्रम फॉटिक बायूच्या दलदलीतच उतरवतो. तुम्ही बुल शार्क असता खरे, पण नुकतं जन्मलेलं पिल्लू. आणि तिथल्या गढूळ पाण्यात मगरींचं राज्य असतं. सुरुवातीला त्यांनी मला इतक्या वेळा फाडून खाल्लं की शेवटी मी लढायचं सोडून पाहायला लागलो. त्यातून जे कळलं, ते नव्यांसाठी सांगतो.

प्रत्येक प्राण्याची लेव्हल आकड्यात दिसते. तो आकडा तुमच्यापेक्षा बराच मोठा असेल, तर सरळ पळा. त्यात कमीपणा काही नाही. छोटे मासे, कासवं खाऊन आधी अंग धरा. लढावंच लागलं, तर नुसतं चावत सुटू नका. मगर झेप घेते तेव्हा बाजूला सरका, तिचा वार हुकला की चावा. अंगातलं रक्त कमी झालं, तर लढाई अर्धी टाकून जवळचे मासे गिळा. खाणं हेच इथलं औषध.

पोट भरलं म्हणजे ताकद आली, असंही नाही. शिकारीतून प्रथिनं, चरबी, खनिजं आणि म्युटाजेन साठत जातं, पण अंगातली नवी शक्ती विकत घ्यायला गुहेत परतावंच लागतं. साठा घेऊन फिरणं आणि तो वापरणं यात फार अंतर आहे.

सगळ्यात मोठा मोह किनाऱ्यावरच्या माणसांचा. ती खाल्लीत की शिकाऱ्यांच्या बोटी मागे लागतात. एक बुडवली की सूड घ्यायचा जोर चढतो आणि तोवर आणखी येतात. अशा वेळी खोल बुडी मारा, शोध थंडावेपर्यंत वर येऊ नका. जमिनीवर उडी मारलीत, तर श्वास संपत चाललाय याचं भान ठेवा.

पुढे प्रौढ झालात, खुल्या समुद्रात आलात, की वाटतं आता कोण अडवणार? तिथे ओर्का आणि स्पर्म व्हेल असतात. हिशेब तोच राहतो, फक्त समोरचे आकडे वाढतात.