नव्या मशीनचा दगड आधी ऐकावा

गोडी छाटणी जवळ आली की सायखेड्यात धारेच्या कामाची रीघ लागते. कातऱ्या, विळे, कोयते, सगळंच येतं. बोथट कातरी द्राक्षाची काडी कापत नाही, चिरडते. बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. पण ज्या दगडावर ती धार लागते तो तपासायला हवा, हे मात्र वारंवार सांगावं लागतं.

यंदा हंगामाआधी आठ इंची दगडांचं नवं बेंच ग्राइंडर घेतलं. दुकानदार म्हणाला, ‘काका, काही करायचं नाही. प्लग लावा, चालू करा.’ मी दोन्ही दगड आधी उतरवून घेतले. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, एवढं लक्षात ठेवायचं. बोल्ट टाकून दगड टांगला आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून इंच-दीड इंच आत, मधल्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हलकेच टिचकावला. मग थोडा फिरवून पुन्हा. एक दगड खणखणीत बोलला. दुसरा बद्द वाजला, म्हणजे आत कुठे तरी तडा. वरून बघता ओरखडाही नव्हता. तो बदलूनच घेतला. ही परीक्षा भाजून पक्क्या केलेल्या कोरड्या दगडाची. ओल्या दगडाचा किंवा रेझिनच्या चाकाचा आवाज मुळातच दबका असतो.

आठ इंची दगड मिनिटाला 2,800 फेरे घेतो तेव्हा त्याची कड ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळत असते. तडा गेलेला दगड त्या वेगात फुटला तर तुकडे कुठे जातील ते कुणाच्या हातात नाही. म्हणून दगडावर छापलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांहून जास्तच हवेत. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 30 मध्ये प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ सुरक्षित वेगाची सूचना कायम लावण्याची सक्ती होती. आपली टपरी कारखाना नसेल, पण खडूने का होईना, तो आकडा भिंतीवर लिहावा.

चांगला वाजलेला दगडही बसवल्यावर गोल फिरेलच असं नाही. माझा फिरला नाही. मशीन थरथरत होतं, आणि कातरीचं पातं टेकवलं असतं तर धारेवर लाटा उठल्या असत्या. प्लग काढून टूल रेस्टवर पेन्सिल टेकवली आणि दगड हाताने फिरवला. पेन्सिल एकाच अंगाला घासत होती. इथे घाईने दगड तासायला बसू नये. आधी दोष कुणाचा ते शोधावं. नट सैल करून दगड शाफ्टवर अर्धा फेरा फिरवावा आणि पुन्हा पेन्सिल लावावी. उंचवटा दगडाबरोबर सरकला तर दोष दगडाचा किंवा त्याच्या बुशचा; जागीच राहिला तर शाफ्टचा किंवा फ्लँजचा. माझ्याकडे प्लॅस्टिकचा बुश ढिला निघाला. मापाचा बुश घातला, दोन्ही बाजूंना कागदी वॉशर घातले, सारख्या मापाच्या फ्लँज बसवल्या. निम्म्याहून जास्त थरथर तिथेच गेली.

उरलेली डायमंड ड्रेसरने काढली. तासायच्या आधी दगड रिकामा निदान मिनिटभर फिरू द्यायचा आणि आपण बाजूला उभं राहायचं, समोर कधीच नाही. चष्मा आणि मास्क हवाच, ती धूळ छातीत बसते. ड्रेसरचं टोक दगडाच्या मध्यापेक्षा किंचित खाली, फिरण्याच्या दिशेला जरा झुकलेलं ठेवायचं. दाबायचं नाही, एका चालीने या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायचं. आधी टक-टक असा तुटक आवाज येतो, कारण फक्त उंच भाग लागतो. तो अखंड सरसर झाला की दगड गोल झाला. तासल्याने दगड लहान होतो, म्हणून टूल रेस्ट पुन्हा पुढे घ्यावं. फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर पातं मध्ये ओढलं जातं.

गोल, ताज्या दगडावर हलका हात पुरतो. पातं निळं पडलं म्हणजे तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि त्या जागचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. पाण्यात बुडवायचं ते पातं, दगड नाही.

दगड कोरडा राहील हे आपल्या गावात जास्तच जपायला हवं. गोदावरीचं पाणी 2019 च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत शिरलं, तेव्हा कितीतरी घरांतलं आणि दुकानांतलं सामान बुडालं. बुडालेला दगड पाणी पितो, ते खालच्या बाजूला साठतं आणि फिरवताना एक अंग जड होतं. रेझिनचं चाक तर ओलीने आतून कमकुवत होतं. पुरात आदळआपट झाली असेल तर तडा वेगळाच. पुरातून निघालेला दगड मी मशीनवर चढवत नाही. तो तसाच भंगारातही देऊ नये, कुणी तरी स्वस्तात उचलून बसवतो. हातोडीने दोन तुकडे करावेत आणि मगच टाकावा.