स्मुर्णेचा पॉलिकार्प

वाचावयाचा भाग : प्रकटी. २:८-११, मत्तय १०:१६-३३.

स्मुर्णा शहर आशिया मायनरात होते. आज त्यास इझ्मिर म्हणतात व ते तुर्कस्तानात आहे. तेथील मंडळीचा वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प हा होता. इ. स. १५५ च्या सुमारास तेथे छळ झाला. त्याची हकीकत स्मुर्णेच्या मंडळीनेच फिलोमेलियम येथील मंडळीस पत्राने कळविली. त्या पत्रातील दोन मनुष्यांविषयी आम्ही येथे सांगतो.

पहिला, फ्रुगियाचा क्विंटस. त्यास कोणी धरले नसता तो आपण होऊन पुढे झाला, व इतरांसही त्याने तसेच करावयास लाविले. परंतु श्वापदे दृष्टीस पडताच त्याचे धैर्य गळाले. त्याने कैसराची शपथ वाहिली व यज्ञ केला.

दुसरा, पॉलिकार्प. मित्रांच्या आग्रहावरून तो शहराबाहेर मळ्यात जाऊन राहिला आणि रात्रंदिवस प्रार्थना करू लागला. शिपाई येऊन पोहोचले, तेव्हा आणखी पळता येत असताही तो पळाला नाही. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणून तो त्यांजकडे गेला, त्यांस जेवू घातले आणि प्रार्थनेसाठी एक तास मागून घेतला. ती प्रार्थना दोन तास चालली.

वाटेत हेरोद नामक अंमलदाराने त्यास गाडीत घेऊन समजाविले की, कैसरास प्रभु म्हटल्याने काय बिघडते? पुढे सुभेदारानेही, ख्रिस्ताची निंदा कर म्हणजे तुला सोडितो, असे सांगितले. परंतु ८६ वर्षांच्या सेवेत ज्या धन्याने त्याचे कधी अहित केले नव्हते, त्याची निंदा त्याच्याने करवेना. चितेवर त्यास खिळ्यांनी ठोकू लागले, तेव्हा त्याची गरज नाही, अग्नी सोसण्याची शक्ती देणारा देवच मला स्थिर ठेवील, असे तो म्हणाला. मग त्यास नुसते बांधिले.

प्रियहो, ह्यावरून आम्हांस असे दिसते की, धाडस निराळे व विश्वासूपणा निराळा. क्विंटस आपल्या बळावर गेला आणि पडला. पॉलिकार्प देवाच्या बळावर थांबला आणि उभा राहिला. संकट ओढवून घेणे ही साक्ष नव्हे, व संकट टाळणे हे नेहमीच भित्रेपण नव्हे. पण प्रभूचे नाव सोडावे किंवा राखावे असा प्रसंग आला, म्हणजे मार्ग एकच.

असा प्रसंग बहुधा श्वापदांच्या रूपाने येत नाही. हेरोदाप्रमाणे तो गोड बोलत येतो. "मनात काहीही असू दे, तोंडाने एवढे म्हण," असे आपलेच आप्त प्रेमाने म्हणतात. त्यांच्यावर रागावू नये. पॉलिकार्पाने तर धरावयास आलेल्यांस जेवू घातले. परंतु उत्तर मात्र स्पष्ट द्यावे.

विचारावयाचे प्रश्न :
१. क्विंटस कशावर भरवसा ठेवून गेला?
२. पॉलिकार्पाने शिपायांस कसे वागविले?
३. हेरोदासारखे बोलणे आपण कोठे ऐकतो, व त्यास काय उत्तर देतो?