रिअॅक्टर घेण्याआधी

पोरी, फोनवर सांगितलेले आकडे राहत नाहीत, म्हणून लिहून पाठवतो. जावईबापूंना कोरलच्या टाकीसाठी कॅल्शियम रिअॅक्टर हवाय, हे कळलं. त्यांनी पाठवलेला फोटोही पाहिला. अॅक्रिलिकचं नळकांडं देखणं आहे, पण त्यात खडी भरायची असते, एवढंच त्याचं काम. पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगतो. आधी तो तुम्हाला लागतो का, ते बघ.

लेदर, मश्रूम, झोएंथिड असे मऊ कोरल असतील, तर नेमाने थोडं पाणी बदललंस की भागतं. अॅक्रोपोरा, मोन्टिपोरा आणि ट्रायडॅक्ना शिंपले मात्र पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून हाडासारखा सांगाडा बांधतात. तुझ्या टाकीत तेच जास्त आहेत. तरी दुकानदाराचं ऐकून घाई करू नकोस. खोक्यावर ‘इतक्या गॅलनसाठी’ असं छापलेलं असतं, त्याला फारसा अर्थ नाही. १०० गॅलनच्या दोन टाक्यांत कोरल किती आणि कोणते आहेत यावर खप चौपट बदलतो.

खप आपण मोजायचा. बाकीचे डोस बंद ठेव आणि तीन दिवस रोज एकाच वेळी, एकाच किटने अल्कलिनिटी डीकेएचमध्ये मोज. रोजची घट एका डीकेएचच्या आत असेल, तर रिअॅक्टरचं नाव काढू नकोस, चुन्याची निवळी पुरते. ४०० लिटर पाण्यातून रोज ४ लिटर उडत असेल आणि ती तूट तू निवळीने भरलीस, तर साधारण एक डीकेएच परत मिळतो. शिवाय पीएच वर राहतो, तो फायदा वेगळा. मात्र चुना मत्स्यालयासाठीचा शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घे. पानाच्या डबीतला घालशील, तुझा काही नेम नाही! निवळी थेंबाथेंबाने सोड, कारण तिचा पीएच बाराच्या वर असतो.

आता समज, घट १.४ डीकेएच निघाली. रिअॅक्टरात कार्बन डायऑक्साइड सोडून पाणी आंबट करतात, पीएच ६.५ ते ६.७ च्या आसपास येतो आणि अॅरागोनाइटची खडी विरघळते. बाहेर पडणाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी २५ धर. टाकीत ८ आहे, म्हणजे प्रत्येक लिटरमागे १७ चा फायदा. ४०० लिटर गुणिले १.४ म्हणजे ५६०, त्याला १७ ने भाग. दिवसाला ३३ लिटर, मिनिटाला सुमारे २३ मिलिलिटर. रिअॅक्टरने एवढी धार आरामात द्यायला हवी आणि पुढच्या वर्षी कोरल वाढले की दुप्पटही. खडीचा हिशेबही यातच आहे. या खपाला रोज १० ग्रॅम विरघळते, म्हणजे वर्षाला साडेतीन किलोच्या पुढे. ज्यात जेमतेम एक किलो मावते ते नळकांडं सतत उघडावं लागेल. तेव्हा झाकण कसं उघडतं ते आधी बघ. बारा स्क्रू काढायचे असतील तर तू ते काम पुढे ढकलत राहशील, मी तुला लहानपणापासून ओळखतो.

पैसे रेग्युलेटरमध्ये घाल. दोन टप्प्यांचा घे. एका टप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये सिलिंडर संपत आला की बाहेरचा दाब वाढतो, गॅस एकदम सुटतो आणि टाकीचा पीएच कोसळतो. अॅक्रोपोरा त्यातून उठत नाही. सोबत सोलेनॉइड, बारीक फिरणारा नीडल व्हॉल्व्ह, बबल काउंटर आणि गॅसच्या नळीत पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह हवा.

त्यानंतर पंप. पाण्याची धार साध्या कॉकने बांधायला गेलीस की तो चुन्याने चोंदतो, धार आज २३ तर परवा १२. त्यापेक्षा पेरिस्टाल्टिक पंप लाव, पण सतत चालण्यासाठी बनवलेलाच. डोसिंगचे छोटे पंप दिवसात काही मिनिटं चालायचे असतात, त्यांना चोवीस तास जुंपू नकोस. नळकांड्यातलं पाणी फिरवणारा पंप बाजारात सहज मिळणाऱ्या जातीचा असावा, म्हणजे तो बिघडला की अख्खा रिअॅक्टर अडत नाही. वर साठलेला गॅस पुन्हा पंपात ओढून घेणारी रचना बरी, नाहीतर पंप हवा खाऊन रात्रभर खडखडतो.

पीएच कंट्रोलर चैन नाही, घे. प्रोबसाठी रिअॅक्टरला भोक आहे ना, ते विचार. प्रोब ४ आणि ७ च्या द्रावणात जुळव, कारण आपलं काम त्या दोहोंमध्ये चालतं. दुसरं नळकांडं जोडायचा पर्याय असेल तर उत्तम. उरलेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या खडीवर खर्च होतो आणि कमी आंबट पाणी टाकीत येतं. हे पाणी सम्पमध्ये स्किमरजवळ सोड, थेट कोरलवर नको.

खडी जाडच घे. बारीक असली आणि पीएच ६.५ च्या खाली गेला की तिचा चिखल होतो, पाणी फिरायचं थांबतं. भरण्याआधी आरओच्या पाण्यात पांढरी धूळ जाईपर्यंत धू. काही खडीत फॉस्फेट असतं आणि ते शेवाळाला पोसतं, म्हणून बाहेर आलेलं पाणी एकदा तपासून घे.

सुरू करण्याआधी टाकी नीट आण: क्षारता ३५, कॅल्शियम ४२०, अल्कलिनिटी ८, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. रिअॅक्टर असलेलं टिकवतो, बिघडलेलं दुरुस्त करत नाही. तो २.८ डीकेएचमागे जेमतेम २० पीपीएम कॅल्शियम देतो, म्हणून ३५० वर अडकलेलं कॅल्शियम त्याच्याने वर येणार नाही, अल्कलिनिटी मात्र चढून बसेल. सुरुवातीला धार कमी ठेव, रोज मोज, आणि एका दिवसात एका डीकेएचपेक्षा जास्त वाढू देऊ नकोस. सकाळचा पीएच ७.८ च्या खाली जायला लागला तर खिडकी उघड, नाहीतर रात्री थोडी निवळी जोड. हिवाळ्यात तुमची घरं बंद असतात, तेव्हा हे हमखास होतं.

सिलिंडर ५ पौंडांचा पुरे. उभा ठेव आणि पट्ट्याने भिंतीला बांध, बाळ रांगायला लागलाय. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गळती बघ. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून तळघरातल्या बंद कपाटात मुळीच नको. वापरलेला सिलिंडर घेणार असशील तर गळ्यावर ठोकलेली तपासणीची तारीख वाच. अमेरिकेत ५ वर्षं उलटली की तो पुन्हा तपासल्याशिवाय भरून देत नाहीत.

आणखी एक. तुझ्या आईला तुझी टाकी बघून पुण्याच्या घरी असंच काही मांडायची हौस आली आहे. तिला समजाव. आपल्याकडे दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. विकत घेणं आणि बाळगणं गुन्हा. मालवणला पाण्याखाली जाऊन बघायचे ते तिथेच. घरात तिला गोड्या पाण्याची टाकी लावून देतो म्हणावं, पुढच्या महिन्यात मी पुण्यात आहेच.