घरात उतरणारे आकाश
जुने घर मोकळे करावयाचे म्हणजे बाहेरच्या भिंतीत मोठ्या खिडक्या पाडावयाच्या, असा समज आढळतो. परंतु दाट वस्तीत खिडकीसमोर शेजाऱ्याचीच भिंत येते. श्रीलंकेचे वास्तुशिल्पी जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी कोलंबोत निराळा मार्ग दाखविला. १९५८ साली त्यांनी एका गल्लीतील चार छोट्या घरांच्या ओळीतील एक घर घेतले. पुढील सुमारे दहा वर्षांत उरलेली तीनही त्यांच्याकडे आली. ती एकत्र जोडताना त्यांनी सर्व जागा छपराखाली घेतली नाही. मधूनमधून लहान चौक उघडे ठेवले. त्यांतून उजेड व वारा आतल्या खोल्यांपर्यंत पोहोचतो. आपल्या वाड्यातील चौकाचेही कार्य हेच असे. चौकासाठी राहती जागा थोडी कमी होते, हे खरे. पण तेवढी सोडल्यावाचून दाटीतले घर मोकळे होत नाही.